फुजीला दुधाचा अभिषेक

काय सांगायचं तुम्हाला, चुका जन्मात पुष्कळ केल्या, पण एका देवाला आंघोळ घालून मी जे करून बसलो, तसं कुणी केलं नसेल. चहा घ्या, सांगतो.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. जहाजावर खलाशी होतो. ते सोडलं आणि जर्मनीत आखेनला, विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलात भांडी घासायला राहिलो. शिक्षण म्हणाल तर सहीपुरतं. तिथं हिरोशी नावाचा जपानी मुलगा होता, फार सालस. माझ्यासारखंच मोडकंतोडकं जर्मन बोलायचा, म्हणून आमचं जमलं.

एकदा त्याला घरून तार आली, आई आजारी. निघताना त्यानं एक चित्र माझ्या हातात दिलं. कागदावर रंगवलेला निळा डोंगर, माथ्यावर बर्फ.

"आईनं काढलंय. तिचं एवढंच आहे माझ्यापाशी. बोटीत भिजेल, तुम्ही सांभाळा."

बर्फाचा डोंगर म्हणजे दुसरा कुठला असणार? मी कैलास समजून भिंतीशी मांडला, रोज उदबत्ती ओवाळली, त्या माउलीला बरं कर म्हणून हात जोडले.

पुण्याचा बापट तिथं इंजिनिअरिंग शिकत होता. तो बघून हसला.

"अहो काका, हा कैलास नव्हे. जपानचा फुजी. ज्वालामुखी आहे तो, आत आग असते."

"मग जपानी लोक मानतात का याला?"

"मानतात म्हणजे? यात्रेला जातात. चित्रकार जन्मभर हाच काढतात, कवी यावरच लिहितात."

"म्हणजे जागृत देवस्थान."

"गेनाऊ, काका, बरोब्बर. अगदी जागृत," म्हणाला आणि गेला कॉलेजात.

त्यानं थट्टा केली. मी मात्र विचारात पडलो. आत आग, म्हणजे देव उष्ण. आणि मी त्याला वर आणखी विस्तव दाखवतोय. म्हातारीला उतार पडणार कसा? असल्या कडक देवाला आपल्याकडे काय करतात? अभिषेक.

सोमवारी आंघोळ करून वाटीभर दूध घेतलं, चित्र ताटात उभं धरलं आणि माथ्यावर चमच्याचमच्यानं दूध सोडलं. डोळे मिटून. मी सावकाश माणूस, अकरा चमचे होईस्तोवर डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा बर्फ गेला होता. मागोमाग निळा रंग सुटला आणि अख्खा डोंगर ताटात उतरला.

टिपून घेतलं, शेगडीपाशी वाळवलं. हाती राहिला सुरकुतलेला, दुधाचा वास मारणारा कागद.

चारेक महिन्यांनी हिरोशी परतला. आई गेली होती. मी कागद पुढे केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "तिला बरं वाटावं म्हणून केलं, बाबा."

त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला.

"रोज हात जोडायचात?"

"रोज."

"मी बोटीवरच होतो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला तिच्यासाठी काहीच करता आलं नाही."

एवढं बोलून तो माझ्यापुढे कमरेत वाकला. त्यांच्याकडे आभार मानायची ती रीत, हे मला मागाहून बापटनं सांगितलं. पण आपल्यापुढे पोर वाकलं की हात आपोआप जातो हो. ज्याच्या आईची शेवटची खूण मी दुधानं धुऊन टाकली होती, त्याच्याच डोक्यावर हात ठेवून मी म्हटलं, "औक्षवंत हो."