चिकूत तेल किती?

अन्नाचा कायदा शब्दांवर उभा आहे; पाकिटावरचा शब्द खरा असला की खाणाऱ्याची फसवणूक होऊच शकत नाही. अन्न निरीक्षक असताना मी प्रशिक्षणवर्गांत हे वाक्य इतक्या वेळा उच्चारलं, की पुढे पुढे मलाही ते पटायला लागलं.

आता निवृत्त होऊन डहाणू रोडला राहतो आणि छोट्या उत्पादकांना लेबलं तपासून देतो. मे महिन्यात एका सकाळी घोलवडहून हंसाबेनचा फोन आला.

"साहेब, चिकूत तेल किती टक्के लिहू?"

"तेल घातलंय का?"

"एक टीपुंय नथी." रागावल्या की त्यांचं मराठी गुजरातीत शिरतं.

हंसाबेन चिकूच्या चकत्या वाळवून विकतात. आमच्याकडे या चकत्यांना सगळे 'चिकू चिप्स' म्हणतात. त्यात तळण्याचा काही संबंध नाही. मुंबईच्या एका दुकानवाल्या कंपनीने त्यांना पहिलीच मोठी ऑर्डर दिली होती. ती पार पडली तर पावसाळाभर ड्रायर चालणार होता आणि तलासरीकडून कामाला येणाऱ्या बायकांना हंसाबेननी तसा शब्दही देऊन ठेवला होता. माल पाकिटांत भरून तयार होता, फक्त लेबलं छापायची होती. तेवढ्यात कंपनीचा क्वालिटी मॅनेजर तपासणीला आला आणि त्याच्या लॅपटॉपने चिकूला तेल मागितलं. प्रॉडक्ट 'चिप्स' असेल तर तेलाचा रकाना भरावाच लागतो. रकाना रिकामा, तर माल नामंजूर.

मी रिक्षा करून पोचलो. मॅनेजर तरुण होता, पुण्याचा, आणि फार नम्र. निर्णय ज्यांच्या हातात नसतो ती माणसं असतात तसा. मी त्याला सांगितलं, चिप्स म्हणजे तळलेलेच असं कायद्यात मी तरी कुठे वाचलेलं नाही. कायद्याचं म्हणणं एवढंच, की नावावरून पदार्थ नेमका काय आहे ते कळावं आणि गैरसमज होऊ नये.

"सर, मला मान्य आहे," तो म्हणाला. "सिस्टिमला नाही."

सिस्टिमपुढे मी नोकरीतही कधी जिंकलो नव्हतो. तेव्हा नावच बदलायचं ठरलं. इंग्रजीचा प्रश्न लगेच सुटला: 'ड्राइड चिकू स्लाइसेस'. खाली मराठी नाव हवं होतं, आणि ते इंग्रजीच्या विरुद्ध जाणारं चालत नाही. मी सरकारी सवयीने 'निर्जलित चिकू' सुचवलं.

"निर्जलित?" हंसाबेन म्हणाल्या. "साहेब, याला खायचं की सलाइन लावायचं?"

मॅनेजरने 'सुका चिकू' सुचवलं. सोपं, खरं, छोटं. मला आवडलं. पॅकिंग करणाऱ्या बायकांमध्ये मात्र खसखस पिकली. त्यांच्यातली लक्ष्मी मान खाली घालूनच म्हणाली, "लिवा सुका. लोक घेण्याआधी हुंगून बघतील."

पुण्याच्या माणसाला ते कळेना. मग मी खुलासा केला, की या किनाऱ्यावर सुका असतो तो बोंबील किंवा जवळा. ज्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही त्या हंसाबेननी ते नाव हाताने वारूनच टाकलं.

दुपार झाली. टेम्पोवाला दोनदा डोकावून गेला. हंसाबेनची सून बोर्डीची, मराठी. तिने आम्हाला जेवायला बसवलं. मॅनेजरने आधी नको नको केलं, मग कच्च्या केळ्याचे काप तोंडात टाकले आणि पुन्हा नको म्हणाला नाही. सून तवा घेऊनच आली. "काप वाढू अजून?"

मॅनेजरचा घास हातातच राहिला. "काप," तो म्हणाला. "चिकू काप लिहा की."

सगळ्यांना एकदम पटलं. शब्द अस्सल मराठी, अर्थ स्लाइसेसचाच, वास कसलाही नाही. त्याने ताटावरूनच डाव्या हाताने लॅपटॉपमध्ये नाव भरलं. सिस्टिमने तेल मागितलं नाही. हंसाबेननी लेबलाचा नमुना पुढे केला, त्याने त्यावर 'चिकू काप' लिहून सही केली, छापखान्यात फोन गेला आणि टेम्पोवाल्याला चहा मिळाला. संध्याकाळी लेबलं चिकटवून माल निघाला. ऑर्डर टिकली. लक्ष्मी आणि तिच्या बरोबरीच्या बायका पावसाळाभर कामावर आल्या.

सून तेवढी तवा हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. मीही तिच्याकडे बघितलं. कायद्याच्या अभ्यासात कुठे वाचायचं हे शिकवतात. कुठे गप्प बसायचं ते अनुभवाने येतं.

मंजूर झालेला नमुना हंसाबेननी जपून ठेवला आहे. सहीशेजारी मॅनेजरच्या अंगठ्याचा तेलकट डाग आहे, कारण मराठी घरात काप तेलातच तळतात.