आठ माणसं, सहाशे किलो

कोसाडच्या रंभाबाईंना वजनाची नजर होती. सुरतच्या पर्वत पाटिया भागात एका पार्सलवाल्याच्या गाळ्यात बावीस वर्षं त्यांनी साड्यांची गाठोडी काट्यावर चढवली. शेवटी शेवटी काटा नुसता खात्रीपुरता उरला होता. गाठोडं उचलून त्या म्हणायच्या, "चव्वेचाळीस," आणि काटा चव्वेचाळीसच दाखवायचा.

चार वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा गाळेमालकाच्या मुलाने, महेशभाईने, त्यांना आपल्या बागेत नेलं. अमरोलीच्या पुढे त्याची खासगी बाग होती, बागेत तळं, तळ्यात एक मोटरबोट. रंभाबाईंनी तिकिटं फाडायची, जॅकेटं बांधायची आणि माणसं मोजून बसवायची.

बोटीची नवी नोंदणी झाली तेव्हा सर्वेयर कागद देऊन गेला आणि क्षमतेची पाटी बोटीवर ठळक लावायला सांगून गेला. महेशभाईने पाटी करून आणली: '८ माणसं'. रंभाबाई अमळनेर तालुक्यातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी कागद मागून घेतला आणि ओळीओळीवर बोट ठेवून वाचला.

"महेशभाई, कागदावर दोन आकडे आहेत. नावाडी सोडून आठ माणसं, आणि माणसं-सामान मिळून सहाशे किलो. पाटीवर एकच का?"

"चालशे, रंभाबेन. किलो कोण वाचतंय?"

"मी वाचते ना."

महेशभाई हसला, पण कागदावर सही त्याचीच होती. दोन दिवसांत दुसरी पाटी आली, दोन्ही आकड्यांची.

लोक पहिली ओळ वाचत आणि दुसरी सोडून देत. तरी फारशी अडचण आली नाही. आठांत दोन-तीन पोरं असायचीच, वजनाची आपोआप भरपाई व्हायची. अडचण आली ती रंभाबाईंच्या घरच्याच पाहुण्यांची.

त्यांच्या मुलाचं, बुद्धभूषणचं, लग्न भुसावळच्या विशाखाशी ठरलं होतं. एका रविवारी सकाळी विशाखाकडची मंडळी सुरतेला आली. आईबाप, दोन काका, दोन काकू, भाऊ आणि विशाखा, बरोबर आठ. जय भीम, चहापाणी झालं आणि बुद्धभूषण सगळ्यांना आईची बोट दाखवायला घेऊन आला. सोबत जेवणाचे डबे आणि पाण्याचा मोठा जार.

विशाखा सोडली तर एकेक माणूस असं, की धक्क्याची फळी करकरली.

"आठ आहोत, विहीणबाई," विशाखाची आई सुभद्राबाई पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुमच्या नियमात बसतोय."

रंभाबाईंनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "आठ बरोबर. पण किलो जास्त होतात. सातशेला आठ-दहा कमी."

बुद्धभूषणने आईला बाजूला घेतलं. "आई, आज तरी सोड ना. काय म्हणतील?"

"आज तर मुळीच नाही. आपली माणसं आहेत ती."

सुभद्राबाईंचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे आम्ही जाड आहोत, असंच ना? नुसतं बघून सांगता?"

"बघून पटत नसेल तर काटा आहे." रंभाबाईंनी नावाडी दत्तूला हाक मारली आणि त्याने कँटीनमधला सपाट काटा उचलून आणला.

"यावर बटाट्याची पोती ठेवतात!" एक काकू म्हणाली.

"हो, आणि आधी मी चढते." रंभाबाई पदर खोचून काट्यावर उभ्या राहिल्या. "एक्क्याऐंशी. घ्या, माझं सगळ्यांना कळलं."

विशाखा फसकन हसली आणि चप्पल काढून दुसरी चढली. अठ्ठावन्न. मग भाऊ, मग काका. प्रत्येक आकड्याला टाळ्या पडू लागल्या. पोट आत ओढून काही फरक पडतो का, हेही एका काकांनी करून पाहिलं. शेवटी उरल्या सुभद्राबाई.

त्या इकडेतिकडे बघत चढल्या. "साडीचं वजन वजा करा हं."

रंभाबाईंनी पदराची कड बोटांत धरून पाहिली. "सुरतचीच आहे. पाचशे ग्रॅम. तेवढीच सूट मिळेल."

आता मात्र सुभद्राबाईंनाही हसू आवरेना. डबे आणि जार धरून बेरीज झाली सहाशे एक्क्याण्णव. विशाखाच्या वडिलांनी मोबाइलवर दोनदा करून पाहिली आणि मान डोलावली. "बाई, तुमचं डोकं आहे की काटा?"

पहिल्या फेरीत पाच जण गेले. दुसरीला दोन्ही काकू आणि सुभद्राबाई. दत्तू दोर सोडणार, इतक्यात सुभद्राबाई म्हणाल्या, "वजनात जागा आहे ना? मग तुम्हीही बसा."

रंभाबाई घुटमळल्या. "मी कधी बसले नाही."

"म्हणजे? चार वर्षं इथेच आहात ना?"

"लोकांना बसवते. मला पाण्याची भीती वाटते."

सुभद्राबाईंनी बोटीतूनच हात पुढे केला. रंभाबाईंनी स्वतःचं जॅकेट तीनदा ओढून तपासलं, डोळे मिटले आणि पाय टाकला. बोट हलली तसा त्यांनी विहिणीचं मनगट असं आवळलं, की बांगड्या रुतल्या. तळ्याच्या मध्यावर गेल्यावर त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. काठावर बुद्धभूषण आणि विशाखा दोन्ही हात हलवत होते.

"दत्तू," त्या हळूच म्हणाल्या, "अजून एक चक्कर मार रे."