नळ्या कुणी धुतल्या

माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्यापासून मी एकच गोष्ट लपवली आणि ते गेल्यावरही ती कुणाजवळ बोलले नाही. मुलाजवळ नाही, मुलीजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे बसूनही नाही — त्याला ठाऊकच असणार, असं म्हणून तिथूनही सुटका करून घेतली. आज तुम्हाला लिहून सांगते आहे. आजच का? थकले आहे. लपवायलाही ताकद लागते आणि माझी ती गुडघ्यांबरोबरच गेली.

आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात एक काळ्या पुठ्ठ्याचा ग्रंथ आहे. पाठीवर सोनेरी अक्षरात माझं माहेरचं नाव. मानवी शरीरक्रियाशास्त्रातला माझा प्रबंध. पाहुणे आले की यजमान कौतुकानं तो काढून दाखवायचे. साताऱ्याची मुलगी, त्या काळात, आणि डॉक्टरेट! मी चहा करायच्या निमित्तानं आत जायची. त्यांना वाटायचं, लाजते.

लाज होतीच. पण त्यांना वाटायची ती नव्हे.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. मी सांगलीत खोली घेऊन राहत होते आणि एका मेडिकल कॉलेजात संशोधन करत होते. कॉलेजचं नाव घेत नाही, जे केलं ते मी केलं. माझा विषय होता दुष्काळी भागातल्या माणसांच्या रक्तातली साखर. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेलं शरीर ती साखर कशी वापरतं आणि हे वापरणं बिघडतं कुठं? पद्धत तशी सोपी. माणसानं संध्याकाळी जेवावं, मग सकाळपर्यंत पोटात काही जाऊ नये. सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ग्लुकोजचं पाणी पाजायचं, आणि मग दर अर्ध्या तासानं पुन्हा थोडं रक्त. सगळा डोलारा त्या पहिल्या रक्तावर उभा. ते उपाशीपोटीचं नसेल तर पुढचं सगळं मुसळ केरात.

आमच्या प्रयोगशाळेत वाघमारे नावाचे तंत्रज्ञ होते. वय चाळिशीच्या पुढं, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मूळचे कवठे महांकाळकडचे. लष्कराच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायला शिकलेले आणि तिथून सुटून आमच्याकडे लागलेले. अजून कायम झाले नव्हते, पण होणार होते. काचेच्या नळ्या धुवायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. आधी आम्लात बुडवायच्या, मग साध्या पाण्यानं, मग शुद्ध पाण्यानं. धुतलेली प्रत्येक नळी खिडकीपाशी धरून बघायचे. स्वच्छ काचेवरून पाणी एकसारखं उतरतं, थेंब कुठं चिकटून राहत नाही. एक जरी थेंब राहिला तरी नळी परत आम्लात. मग सगळ्या लाकडी घोडीच्या भोकांत ओळीनं उभ्या करायचे आणि म्हणायचे, परेड तयार हाय बाई.

वाघमारे बौद्ध होते. दहा वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीबरोबर दीक्षा घेतलेली. आमच्या प्रयोगशाळेतल्या माठाचं पाणी ते पीत नसत. घेऊ नका असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. पण घ्या, असंही कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं ते लागणार आहे.

तर — वडूजच्या पूर्वेला एका गावात आमचं जायचं ठरलं. तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांना मी माझ्या हातानं चिठ्ठी लिहिली. नावं निवडलेल्या सर्वांनी बुधवारी सकाळी उपास करून शाळेत यावे. खाली सही.

उपास करून.

तुम्ही मराठी आहात ना? मग तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे जिच्या वडिलांचं आवडतं वाक्य, त्या मुलीच्या लक्षात आलं नाही. दोन वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचून मला उपास म्हणजे रिकामं पोट, एवढंच उरलं होतं.

लोक काय छान आले होते! अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, वेळेच्या आधी. मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या बायका जवळजवळ सगळ्या हजर. एक म्हातारी तर चप्पल बाहेर काढून, शाळेच्या उंबऱ्याला हात लावून आत आली. मी रक्त घेत होते, वाघमारे नळ्यांवर नंबर घालत होते. मला वाटलं, माझं नशीब उघडलं.

दुपारी जीपमध्ये नळ्यांची पेटी चढवताना वाघमारे जवळ आले. त्या म्हातारीशी ते बोलत बसले होते. आजी, उपाशीपोटी चक्कर नाही ना आली, असं सहज विचारलं त्यांनी. ती म्हणाली, "न्हाई रं बाबा, चक्कर कशानं येतीया? भगर खाल्ली, शेंगदाण्याची आमटी खाल्ली, गुळाचा च्या घेतला. भाकरीला तेवढा हात लावला न्हाई."

मग त्यांनी आणखी चार-पाच जणांना विचारलं. सगळीकडं तेच. "बाई," ते मला हळूच म्हणाले, "उपास कुणी मोडला न्हाई. पर समद्यांनी उपासाचं खाल्लंय."

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मग पेटीकडे पाहिलं. पेटीतलं सगळं रक्त भगर खाल्लेल्यांचं. दोष कुणाचा? त्या लोकांचा तर नव्हेच, त्यांनी सांगितलं ते मनापासून केलं होतं. दोष माझ्या एका शब्दाचा. वाघमारे म्हणाले, पुढच्या खेपेला उपास म्हणू नका, निरंकार म्हणा, निरंकार म्हटलं की माणूस पाण्याशिवाय कशाला शिवत नाही. त्यांनी हेडमास्तरांकडून माझी चिठ्ठीही मागून घेतली होती. सरांना दाखवायला बरी पडेल, म्हणाले. मी म्हटलं, असू दे तुमच्याकडे, सरांना मीच सांगते.

सांगते. हा शब्द मी पुढचे पाच आठवडे म्हणत राहिले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. मला घ्यायला ते मुळात नाखूश होते, मुलीला खेड्यापाड्यांतलं काम झेपायचं नाही म्हणून. चूक सांगितली असती तर काय झालं असतं? ओरडले असते. सगळ्यांसमोर दोन शब्द लागले असते. कदाचित म्हणाले असते, बघा, मी म्हटलं नव्हतं? बस, एवढंच. पण मी आज-उद्या करत राहिले. मध्ये वाघमाऱ्यांनी एकदा विचारलं, सरांच्या कानावर घातलं का? मी म्हटलं, सांगते. ते नेटकेपणानं तपासण्या करत गेले, मी आकडे वहीत उतरवत गेले आणि आकडे अर्थातच भलतेच येत होते. म्हातारेकोतारे, धडधाकट गडी, काडीसारख्या बायका — सकाळच्या पहिल्याच रक्तात सगळ्यांची साखर चढलेली.

मग एका सकाळी सर प्रयोगशाळेत आले आणि उभ्या उभ्या वही चाळायला लागले. मी टेबलाच्या या बाजूला, वाघमारे खिडकीशी, हातात नळी. बाकीचेही चार-सहा जण होते. सरांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. हे शक्य नाही, म्हणाले. अख्खं गाव मधुमेही कसं असेल? नळ्यांत काहीतरी राहिलं असणार. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "नळ्या कुणी धुतल्या?"

सुंठीवाचून खोकला गेला, असं त्या क्षणी मला वाटलं. हो, हेच वाटलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

मी म्हटलं, "वाघमाऱ्यांनी."

खोटं काय होतं त्यात? नळ्या त्यांनीच धुतल्या होत्या. एका शब्दाचं, अगदी खरं उत्तर. पण ते ऐकून सरांनी 'असं होय' म्हणून मान हलवली ना, त्या मानेत सगळं होतं. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, त्या पाहण्यातही होतं. अस्वच्छता — आणि वाघमारे. कुणाला पुरावा लागला नाही. आणि लागणार नाही हे मला माहीत होतं. उत्तर देताना माहीत होतं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की घाबरून बोलून गेले. नाही. त्या माठाजवळ मी रोज पाणी पीत होते. कुणाचं नाव घेतलं की काय होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वाघमाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. वाट बघत होते. आता बाई पुढचं बोलतील, असं त्यांना वाटत असणार. चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. माझ्या अक्षरातली, माझ्या सहीची. काढून टेबलावर ठेवायचा अवकाश होता. मी तोंडात गुळणी धरून बसले. मग त्यांनी हातातली नळी घोडीत ठेवली.

पंधरा दिवसांत त्यांना प्रयोगशाळेतून हलवलं. कायम होणं तर राहिलंच. वॉर्डात फरशी पुसायच्या कामावर जा, असा हुकूम निघाला. ज्या कामाची त्यांच्या वडिलांवर सक्ती होती आणि जे सोडून ते लष्करात गेले होते, ते काम. ते एक दिवसही तिथं गेले नाहीत. गावाकडे जायच्या आधी मला खोलीवर भेटायला आले. मी आत बोलावलं नाही, दारातच उभी राहिले. त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"नळ्या सोच्छ हुत्या, बाई," म्हणाले. "तुमाला ठावं हाय. तेवढं बास झालं."

नमस्कार केला आणि गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

पुढचं लवकर सांगते, कारण ते सांगायलाही नको वाटतं. मी त्याच गावात परत गेले. या वेळी चिठ्ठीत लिहिलं, निरंकार यावे. त्यांचाच शब्द. नळ्या नव्या तंत्रज्ञानं धुतल्या. आकडे जसे यायला हवे तसे आले आणि सर म्हणाले, पाहिलंत, नळ्यांचाच घोळ होता. मी मान डोलावली. प्रबंधात एक वाक्य लिहिलं, इंग्रजीत, शांतपणे: पहिल्या फेरीचे निकाल काचसामानाच्या अस्वच्छतेमुळे वगळले आहेत. सुरुवातीला आभार मानले आहेत. सरांचे, हेडमास्तरांचे, जीपच्या ड्रायव्हरचेसुद्धा. वाघमाऱ्यांचं नाव नाही. कुठून असणार?

त्या प्रबंधावर मी नोकरी केली. पुढं कितीतरी वर्षं मुलांना शिकवलं. दर वर्षी नव्या वर्गाला सांगायची, रुग्णाला उपास करून या असं म्हणू नका, काहीही न खाता या म्हणा, नाहीतर तो साबुदाणा खाऊन येईल. वर्ग हसायचा. अनुभवी बाई म्हणून माझं नाव होतं. हे मला कुणी शिकवलं, ते मी एकदाही सांगितलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखव घेऊनही माणूस चांगला जगतो. जेवतो, झोपतो, मुलीचं लग्न करतो. मी जगले की.

निवृत्त झाल्यावर एकदा एस.टी.नं कवठे महांकाळला गेले. स्टँडवर उतरले. चौकशी केली असती तर घर सापडलं असतं, गाव काही एवढं मोठं नव्हतं. मी कँटीनमध्ये चहा घेतला, बाकावर तासभर बसले आणि सांगलीच्या गाडीनं परत आले. ते तेव्हा होते की नव्हते, तेही मला माहीत नाही. विचारलंच नाही, तर कळणार कुठून? पन्नाशीच्या पुढची, पदवीवाली बाई मी, आणि एका पानपट्टीवाल्याला वाघमाऱ्यांचं घर कुठं, एवढं विचारायची छाती झाली नाही.

चिठ्ठी अजून माझ्याजवळ आहे. त्या काळ्या ग्रंथातच ठेवली आहे, जिथं ते वाक्य आहे त्या पानात. शाई फिकट झाली, पण वाचता येते. मी गेल्यावर मुलगी कपाट आवरील तेव्हा तिला सापडेल. तिला त्यात काही कळणार नाही, म्हणून हे लिहिलं.

आजही भांडी घासली की पाण्याचा पेला खिडकीपाशी धरून बघते. थेंब चिकटला असला तर परत घासते. सून म्हणते, आईंना स्वच्छतेचं फार.

वाघमाऱ्यांनी धुतलेल्या नळ्या स्वच्छ होत्या. सगळ्या.