चालीवर येऊ द्या

माझी थोरली मुलगी चार वर्षांची असताना बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी पैठणला माहेरी गेली. घरात मी, मुलगी आणि माझी आई. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. ऑफिसात उर्दू जाऊन इंग्रजी आली होती, आणि खात्याची परीक्षा पास झालो नाही तर नोकरी राहील की नाही याची मला धास्ती होती.

औरंगाबादेत आमच्या घराला लागून एका टांगेवाल्याचा तबेला होता. आम्ही त्याला चाचा म्हणत असू, आई दादा म्हणे. संध्याकाळी टांगा सोडला की तो घामेजलेल्या घोड्याला गल्लीतून हळूहळू फिरवी. एकदा मी म्हटलं, "चाचा, आता बांधा की त्याला. दमलाय."

"गरम घोडा बांधायचा नस्तो, बाबू. फिरवायचा. नाय तर सकाळी आखडतो. तुमच्या हापिसात शिकवत नाय वाटतं हे?"

घोडा बांधला की तो आमच्या पायरीवर बसे आणि मुलगी त्याच्या गुडघ्यावर चढे. जिभेनं टापांचा आवाज काढत तो आधी तिला चौखूर उधळवी. ती किंचाळायची, खिदळायची. मग दुडकी, मग चाल. टापा लांब-लांब पडू लागत आणि शेवटच्या दोन-तीन टापांना तिची मान त्याच्या खांद्यावर कललेली असे. या सगळ्याला अर्धा तास लागे, असं आई सांगे. मी मात्र तेवढा वेळ कधी थांबून पाहिलं नव्हतं. मला फक्त किंचाळणं ऐकू यायचं.

परीक्षेला दोन दिवस होते. पाठ होत नव्हतं. बाहेर चौखूर चालू होतं. मी उठलो आणि तिला त्याच्या गुडघ्यावरून उचललं.

"बाबू, जरा चालीवर येऊ द्या तिला!"

मी दार लावून घेतलं. अंथरुणावर टाकली तरी ती पाय झाडत होती, जिभेनं टापा वाजवत होती. थोपटलं, रागावलो, काही उपयोग होईना. तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "गप. तो चाचा रझाकार आहे. गोणीत घालून नेईल तुला."

निजामाच्या रझाकारांनी गावंच्या गावं लुटली होती; त्या काळात आमच्याकडं पोरांना हीच भीती घालत. पण कुणा ओळखीच्या माणसाकडं बोट दाखवून कुणी घालत नसे. चाचाचा एकुलता मुलगा पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत फुलंब्रीकडं गेला तो परतलाच नाही. ना पोरगा रझाकार होता, ना चाचा. हे गल्लीला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

ती एकदम गप झाली. गप झाली म्हणजे झोपली, असं समजून मी पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी चाचानं पायरीवर बसून गुडघा थोपटला. मुलगी दारात आली, त्याला पाहून तिथंच फ्रॉक ओला केला आणि "रझाकार, रझाकार" म्हणून ओरडत माझ्या पायांना बिलगली.

चाचाचा हात गुडघ्यावरच राहिला. "हे कोण बोललं जी तिला?"

आत आई भाकरी थापत होती. आमच्या गावात त्या दिवसांत जे झालं ते पाहून ती शहरात आली होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला त्या क्षणी तेच सुचलं. मी म्हणालो, "आईनं सांगितलं असेल. तिकडं तिनं काय काय पाहिलंय."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"हौ," चाचा म्हणाला. "बडी बी देखे सो बोले हुंगे. पाहिलं ते बोलल्या असतील." तो उठून गेला. पायरीवर पुन्हा बसला नाही. महिन्याभरात त्यानं घोडाही तिथून हलवला.

पायरीवर हे झालं त्या रात्री मला वाढताना आई एवढंच बोलली, "त्याच्या पोराचं तुला ठावं होतं ना रे?" गल्लीतल्या बायका तिला टोचून बोलत, "काय हो आजी, बिचाऱ्याला असं बोलायचं?" ती मान खाली घाली. वारली तोवर तिनं माझं नाव घेतलं नाही. मीही खरं काय ते कुणाला सांगितलं नाही.

परवा मुलगी तिच्या सुनेला आणि नातवाला घेऊन आली होती. झोपायच्या वेळी पोरगं गादीवर उड्या मारत होतं. सून म्हणाली, "थांब, पोलिसाला बोलावते."

मुलगी तिच्यावर कडाडली. "पोरांना भीती घालू नकोस गं. माझ्या आजीनं घातली होती. अजून मला दिव्याशिवाय झोप येत नाही."

मी म्हणालो, "ती आजी नव्हती. मी होतो."

मग मुलीनं माझं पांघरूण नीट केलं. "बाबा, वयानं तुमचा गोंधळ होतोय. आजीच होती. तुम्हीच तर सांगायचात."

मी पुन्हा सांगितलं. ती समजूत काढल्यासारखी "बरं, बरं" म्हणाली. पोराला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालू लागली, आधी भरभर, मग सावकाश. ते झोपल्यावर तिनं कोपऱ्यातला छोटा दिवा लावला.

तोंडी सांगितलेलं माझं आता कुणी खरं धरत नाही. म्हणून लिहून ठेवतो. आई त्या संध्याकाळी मुलीजवळ नव्हतीच. ती चुलीपाशी होती.