संमतीपत्रावर आईची सही

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. लिव्हरमध्येही पसरलाय," डॉक्टर म्हणाले. माझा धाकटा भाऊ संदीप खुर्चीवरून उठला आणि त्यानं आधी केबिनचं दार नीट लावून घेतलं. बाहेर बाकावर आई बसली होती.

महिनाभर तिच्या अंगाला खाज सुटत होती. मग डोळे पिवळे झाले. साधी कावीळ असेल म्हणून आम्ही तिला उसाचा रस पाजत राहिलो. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला, आणि आता घाटकोपरच्या त्या छोट्या केबिनमध्ये डॉक्टर आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवत होते. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. केमो आईच्या तब्येतीला झेपली नसती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"महिने म्हणा. वर्ष नाही."

"तिला यातलं काही सांगायचं नाही," संदीप म्हणाला. "ती खचेल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरचे तुम्ही आहात. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

आईनं त्यांना विचारलंच नाही. आम्ही बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं. मी म्हणाले, "पित्ताच्या नळीत खडा अडकलाय." ती "बरं" म्हणाली, हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि भिंतीला धरत उठली.

माझी आई, सुमन, जालन्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन मुंबईत आली. पुढे एकतीस वर्षं तिनं सरकारी हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात आयाचं काम केलं. तिथं तिला सगळे मावशी म्हणायचे. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, आंघोळी घालणं, आणि कुणी गेलं की स्वच्छ करून गुंडाळणं. अशा बाईला आम्ही खडा सांगत होतो. आता लिहितानाही मला शरम वाटते. पण तेव्हा वाटलं, हेच प्रेम आहे. तुमच्याही घरात कदाचित आज हेच चाललं असेल, म्हणून हे सगळं आहे तसं लिहितेय.

पुढच्या आठवड्यात ईआरसीपी झाली. म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या बंद झालेल्या नळीत स्टेंट, एक बारीकशी नळी, बसवतात. त्यानं कॅन्सर बरा होत नाही, पण कावीळ उतरते. आईची खाज थांबली, ती दोन घास जेवायला लागली. संदीप साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. त्यानं तिथं पेढे वाटले, "खडा निघाला" म्हणून. मला वाटतं, चार दिवस त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

मग पाठदुखी सुरू झाली. आई रात्रभर बसून राहायची, कारण पुढे वाकून बसलं की तिला बरं वाटायचं. डॉक्टरांनी आम्हाला पॅलिएटिव्ह केअरच्या टीमकडे पाठवलं. आजार बरा होणार नसतो तेव्हा दुखणं, मळमळ, धाप, भीती हे सगळं कमी करायचं, माणसाचे उरलेले दिवस सुसह्य करायचे, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. मी घाबरले. व्यसन लागेल, शुद्ध जाईल, असं ऐकलेलं. त्या म्हणाल्या, "नीट मोजून दिलं की तसं होत नाही. फक्त पोट साफ होत नाही, त्याचं औषध चुकवू नका." तिसऱ्या दिवशी आई पाठ टेकून झोपली. मी मुलुंडला राहते, पालिकेच्या शाळेत शिकवते. त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि आईकडे राहायला आले; संदीप तिच्याजवळच राहायचा.

मृणाल आमच्या घरी आली ती या टीमच्या नर्सबरोबर. ती स्वतः आधी नर्स होती, आता संशोधन करत होती. शेवटच्या दिवसांत माणसाला काय हवं असतं, काय स्वप्नं पडतात, कशाची भीती वाटते, आणि घरचे हे सगळं कसं सोसतात, हा तिचा विषय. तिला आईशी बोलायचं होतं. जिन्याजवळ उभं राहून तिनं मला आणि संदीपला संमतीपत्र वाचायला दिलं. त्यात साध्या मराठीत लिहिलं होतं, 'माझा आजार बरा होणारा नाही, हे मला माहीत आहे.'

"ही ओळ काढा," संदीप म्हणाला. "बाकी काय ते विचारा."

"ती काढता येत नाही, दादा. ज्याला माहीत नाही त्याला मी विचारूच शकत नाही. नाही म्हणालात तरी उपचार चालूच राहतील, त्याची काळजी करू नका."

"मग नाहीच. मरणाऱ्या माणसाला मरणाबद्दल विचारायचं? यार, काय लोक आहेत!"

मृणालनं वाद घातला नाही. कागद मात्र माझ्या हातात राहिला.

त्याच सुमारास आई बोलायला लागली होती. म्हणजे, कुणीच नसताना. दुपारी डोळे मिटून पडलेली असायची आणि मध्येच म्हणायची, "थांब गं अक्का, येते." अक्का ही तिची थोरली बहीण. माझ्या जन्माआधीच वारलेली. मला वाटलं, मॉर्फिननं डोकं फिरलं. फोन करून विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "डेलिरियम म्हणजे भ्रम. त्यात माणूस गोंधळतो, घाबरतो, घरच्यांना ओळखत नाही. त्या घाबरतात का? तुम्हाला ओळखतात का?" आई घाबरत नव्हती. उठल्यावर मला नावानं हाक मारून चहा मागायची. "मग त्यासाठी वेगळं औषध द्यायची गरज नाही. त्यांना विचारा, काय दिसतं ते."

विचारायचं कसं? एक खोटं मध्ये उभं होतं. त्याच्यापलीकडे जाऊन मला तिला काहीच विचारता येत नव्हतं.

रविवारी सकाळी संदीप अंडी आणायला खाली गेला होता. मी आईच्या पायांना तेल लावत होते. म्हणाले, "आई, तो खडा नव्हता गं."

तिनं पाय ओढून घेतला नाही की काही नाही. "माहीत आहे," म्हणाली.

"कधीपासून?"

"दार लावलं ना संदीपनं, तेव्हापासून. एकतीस वर्षं वॉर्डात काढली, वंदना. खड्यासाठी कुणी दार लावत नाही."

मला रडू फुटलं. तिनंच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं जिवापाड लपवत होता. म्हटलं, त्याला झेपायचं नाही, राहू दे. तुझं काय, तू रडून मोकळी होतेस. त्याचं तसं नाही."

दारात संदीप उभा होता. अंड्यांची पिशवी हातात. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. तो सरळ आत मोरीत गेला, नळ सोडला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आला आणि तिच्या पलंगाशी खाली बसला. आई म्हणाली, "जेवलास का?" सकाळचे नऊ वाजले होते.

त्या आठवड्यात आईनं संमतीपत्रावर सही केली. आधी मृणालकडून प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतली.

मृणाल चार वेळा आली, चारही वेळा दुपारी. वही असायची आणि आईच्या परवानगीनं लहानसा रेकॉर्डर. कधी वीस मिनिटांत आई थकायची, कधी तास व्हायचा. मी स्वयंपाकघरात असायचे, आमच्या घरात आतबाहेर असं काही नाही, सगळं ऐकू येतं.

पहिल्याच दिवशी मृणालनं स्वप्नांचं विचारलं. आई जरा घुटमळली. "आपल्या धम्मात आत्माबित्मा मानत नाहीत, बाई. म्हणून घरात बोलले नाही. पोरं म्हणतील, म्हातारी आता भुतं बघायला लागली." मग सांगितलं. गावची विहीर दिसते. अक्का गोधड्या धुऊन दगडावर वाळत घालत असते. तरुणच आहे, परकर-पोलक्यातली. म्हणते, सुमे, आवर लवकर. आई म्हणते, थांब, संदीप अजून जेवायचाय.

"भीती वाटते?"

"छे. ऊन असतं तिथं. छान वाटतं."

मी हातातलं काम सोडून बाहेर आले. विचारलं, "मृणाल, हे काय असतं गं? खरंच कुणी येतं?"

ती म्हणाली, "ताई, ते मला माहीत नाही आणि माझ्या अभ्यासात ते येतही नाही. पुष्कळ जणांना शेवटी शेवटी गेलेली माणसं दिसतात आणि बहुतेकांना त्यानं धीर येतो, एवढं आम्ही ऐकलंय. मावशींना काय दिसलं आणि कसं वाटलं, तेवढंच मी लिहिते."

मला हे उत्तर आवडलं. नंतर मी आईला रोज विचारायला लागले, "आज अक्का काय म्हणाली?" आणि ती सांगायची, जसं शेजारच्या घरातलं सांगावं.

तिसऱ्या भेटीत आईनंच मृणालला शिकवलं. वॉर्डात शेवटाला आलेल्या बायकांजवळ ती कशी बसायची ते. "ओठ कोरडे पडतात, ते कापसानं ओले करायचे. पाणी पाजायचं नाही, ठसका लागतो. कोण कोण आलंय ते नाव घेऊन सांगायचं, कान शेवटपर्यंत जागा असतो. आणि रडायचं तर रडा, पण बाईच्या अंगावर पडून नको, तिला श्वास घेऊ द्या." मृणालचं पेन थांबलं होतं. म्हणाली, "मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मरणाऱ्या बायकांनी."

शेवटच्या भेटीत प्रश्न होता, तुम्हाला काय हवं आहे? आई म्हणाली, "मशिनीला लावू नका. मी बघितलीत ती माणसं, हात बांधलेली. घरीच जाऊ द्या. आणि..." इथं ती हसली. "संदीपनं माझी नखं कापावीत. लहानपणी मी त्याची कापायची तर सगळी चाळ डोक्यावर घ्यायचा."

संध्याकाळी मी त्याला सांगितलं. चष्मा लावून, टॉवेल पसरून, वर्कशॉपमध्ये मोजमाप घेतात तशी त्यानं एकेक बोट धरून तिची नखं कापली. वीस नखांना पाऊण तास.

त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, तिचा श्वास घुरघुरायला लागला. त्याआधीचे दोन दिवस ती बहुतेक झोपूनच होती. तो आवाज भयंकर वाटतो, कुणीतरी बुडतंय असा. संदीपनं फोन उचलला, "अॅम्ब्युलन्स बोलावतो. ऑक्सिजन तरी लावतील." तिनं काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. तरी एक क्षण मलाही वाटलं, बोलावूया. मी नर्सना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या, "घशात जमलेली लाळ त्यांना गिळता येत नाही, म्हणून तो आवाज. ऐकणाऱ्याला जेवढा त्रास होतो तेवढा त्यांना होत नाही. एका कुशीवर वळवा. जिभेखालचं औषध दिलंय ते द्या. मी निघतेच आहे."

संदीप फोन हातात धरून उभा होता. मी म्हणाले, "संदीप, ती काय म्हणाली होती?"

त्यानं फोन कपाटावर ठेवला. आम्ही तिला कुशीवर वळवलं. त्यानं कापूस ओला करून तिच्या ओठांना लावला. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आई, मी आहे. संदीप. ताई आहे. मी जेवलोय गं."

आवाज कमी झाला. श्वासांमध्ये अंतर पडत गेलं. मी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, मध्येच विसरले, त्यानं पुढे म्हटलं. नर्स जिना चढून आल्या तेव्हा ती गेलेली होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "छान सांभाळलंत."

तिला आंघोळ मी घातली. एकतीस वर्षं तिनं जे परक्या बायकांसाठी केलं, ते करताना मला एकदाही भीती वाटली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही आठवड्यांनी मृणालचा फोन आला. अभ्यासात घरच्यांची मुलाखतही होती, हवी असेल तरच. मी हो म्हणाले. संदीप म्हणाला, "आधी माझी घ्या." तो दीड तास बोलला. शेवटी त्यानं तिलाच विचारलं, "हॉस्पिटलात नेलं असतं तर जगली असती का चार दिवस?"

मृणाल म्हणाली, "कदाचित. पण ते चार दिवस मावशींनी मागितले नव्हते."

तो रडला. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टरांचे, त्या नर्सचे, मृणालचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. त्यांनी आईला बरं केलं नाही, करूही शकत नव्हते. पण त्यांच्यामुळे तिला आमच्याशी आणि आम्हाला तिच्याशी खरं बोलता आलं, ते शेवटचे सात आठवडे आमचे झाले. तुमच्यावर अशी वेळ आली तर दार लावण्याआधी एकदा बाहेर बसलेल्या माणसाकडे बघा. लगेच सगळं सांगा असं मी म्हणत नाही. कुणाला ऐकायचं नसतं, तेही खरं. पण त्यांना काय माहीत आहे, काय माहीत करून घ्यायचंय, एवढं विचारून बघा. दुखणं थांबवणारे डॉक्टर लवकर गाठा, आम्ही उशीर केला.

परवा संध्याकाळी मी संदीपकडे गेले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकू वर आल्या. काकांचे रिपोर्ट आले होते.

"डॉक्टरांनी माका बाजूक बोलावून सांगल्यानी," त्या दारातच म्हणाल्या. "ह्येंका आता कसा सांगू रे?"

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात संदीपनं टीव्ही बंद केला.

"काकू, काकांना विचारलंत का, त्यांना काय वाटतंय?"

"नाय रे बाबा. कसा इचारू?"

त्यानं पायात चपला सरकवल्या. "चला," म्हणाला. "मी येतो, बसतो तुमच्याजवळ."