हिलालभाऊंच्या फोटोला हार

आमच्या लिंबायतच्या गल्लीतले हिलालभाऊ तसे नेहमीच दमलेले दिसतात. उभा जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, त्यामुळे ऐकू कमी येतं. न ऐकलेल्या गोष्टीलाही ते मान हलवून होकार देतात. कारखान्यात तेवढ्यावर भागतं. बाहेर मात्र त्या मानेने त्यांना जिवंतपणी मारलं.

गेल्या हिवाळ्यात गल्लीत सिनेमावाले आले. मोबाइलवर मिरवणाऱ्या बड्या लोकांची खिल्ली उडवणारा पिक्चर. त्यात एक श्रीमंत, प्रसिद्ध पोरगी मेलेल्या मजुराच्या घरी जाऊन रडते आणि त्या रडण्यावर आणखी मोठी होते. मजुराचं घर म्हणून त्यांनी हिलालभाऊंचं घर निवडलं. मेलेला माणूस म्हणून भिंतीवरचा तुमचाच फोटो चालेल का, असंही विचारलं. भाऊंनी मान हलवली. फोटोला हार चढला.

"जित्ता मानूसना फोटोले हार?" त्यांची बायको पार्वती माझ्या ओट्यावर येऊन रडकुंडीला आली. शेजारीण म्हणून मी तरी काय सांगणार, कपाळ!

जाताना त्यांनी हार नेला. पण त्या पोरीचं काम करणाऱ्या नटीने पिक्चरच्या जाहिरातीसाठी त्याच फोटोसमोर हात जोडून रील टाकली: 'आमचे हिलालकाका गेले.' डोळ्यांत पाणी, आणि पिक्चरचं नाव एवढं बारीक की मुंगीनेच वाचावं. लोकांनी श्रद्धांजलीचा पाऊस पाडला. रील काढा म्हणून भाऊंच्या वतीने मीच सिनेमावाल्यांना फोन केला. पलीकडचा हसला. "आंटी, यही तो पिक्चर का मेसेज है!" असा संताप आला मला! रील अजून तशीच आहे.

फिरत फिरत ती अमळनेरकडच्या त्यांच्या गावी पोहोचली. तिथे त्यांची थोरली बहीण धुरपदाबाई. भाऊंनी आपली लेक गायत्री तिच्या मुलाला दिली नाही, तेव्हापासून तिने अबोला धरलेला. माहेरवाशिणीचा सण म्हणून दर आखाजीला भाऊ निरोप धाडायचे आणि दिवसभर दाराकडे बघत बसायचे. ती यायची नाही.

आता आली. आमच्यात कुणी गेलं की नातेवाईक दारावर येतात. तेव्हा जुना रुसवा कुणी धरत नाही, आणि निघताना 'येते', आमच्या बोलीत 'येस', म्हणत नाही. धुरपदाबाईने गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला, "मना भाऊ वं!"

भाऊ उंबऱ्यात बसून दाढी करत होते.

"तू जित्ता शे?"

त्यांनी सवयीने मान हलवली.

तिने त्यांच्या पाठीत धपाटे घातले, मग त्याच पाठीवर डोकं टेकून रडली. "तू मरना म्हनीसन उनू मी!"

हेच भाऊंना लागलं. ती मेलेल्या भावाकडे आली होती, जिवंत भावावरचा राग तसाच असेल तर? दुपारी ती उठली, चपला घातल्या, काहीही न बोलता रिक्षात बसली. दारावर आलेली बाई जाते तशीच. भाऊंचे खांदे पडले. मला त्यांच्याकडे बघवेना.

रिक्षा हलली आणि धुरपदाबाईने डोकं बाहेर काढलं. "येस रे भाऊ!"

या वेळी त्यांनी मान हलवली नाही. रिक्षामागे चार पावलं धावले, कानामागे हात धरून ओरडले, "काय?"

"येस म्हनस! आखाजीले!"

भाऊ रस्त्यातच खाली बसून रडायला लागले.