एकोणनव्वदावं पान

“आली का ते सेव्हन्टी नाइन?”

जिना चढता चढता मला वरून ऐकू आलं. जळगाव जामोदच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी वाचक मंडळ जमतं, आणि तिथं माझं नाव सेव्हन्टी नाइन होतं. ते ठेवलं सरांनी. सर म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक, मंडळाचे सर्वेसर्वा. फळ्याजवळची खुर्ची त्यांची.

महिन्याभरात वाचलेलं एक पुस्तक प्रत्येकानं सुचवायचं आणि ग्रंथपाल काकूंनी त्याचं नाव फळ्यावर लिहायचं, अशी पद्धत. पण त्याआधी सर उजवा तळहात पुढे करायचे, वर्गात वही मागतात तसा, आणि विचारायचे, “पान किती?” म्हणजे ज्या पानावर तुम्ही थांबलात, मागे जाऊन पुन्हा वाचलंत, ते पान सांगा. सांगता आलं नाही तर निकाल ठरलेला. “वाचलं नाही. चाळलं.” काकू खडू खाली ठेवायच्या.

त्यांनी कोणाला सोडलं नाही. मेडिकलवाल्या भाऊंना एकदा पान आठवेना, तेव्हा म्हणाले, “भाऊ, तुम्ही पुस्तकाची एक्सपायरी पाह्यली अन् ठेवून देलं.” सगळे हसले. भाऊसुद्धा. अशा माणसाभोवती लोक कसे हसतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. आज आपली पाळी नाही, याचं ते हसू असतं.

माझी पाळी मी गेले त्या पहिल्याच बैठकीत आली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. ते मराठी पुस्तक मी ओळीखाली बोट धरून महिनाभर वाचलं होतं. आकडा डोळ्यांसमोर होता, शब्द येईना. मी म्हणाले, “सेव्हन्टी नाइन.”

सरांनी तळहात मागे घेतला. “एकोणऐंशी म्हनता येत नाही, अन् मराठी पुस्तक सांगून राह्यली. बस खाली.”

त्यानंतर दीड वर्ष मी तिथं तोंड उघडलं नाही. जात मात्र राहिले. सर एखादं पुस्तक सांगायला लागले की घरी जाऊन ते हातात घेईपर्यंत चैन पडायचं नाही. हे सांगायला मला आवडत नाही, पण खरं आहे.

एकदा काकूंनी एक जुनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. “सरायनं त्यायच्या घरचं देलं तुह्यासाठी. माहं नाव सांगू नको म्हने.” प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकड्याशेजारी पेन्सिलनं अक्षरांत लिहिलेलं होतं: एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. थेट शंभरपर्यंत, शाळेच्या फळ्यावरच्यासारखं वळणदार. मला तोही अपमानच वाटला. पुस्तक मी परत केलं नाही, आभारही मानले नाहीत. आकडे पाठ केले.

मग गेल्या उन्हाळ्यात सरांनी एक कादंबरी सुचवली. पत्रं न वाटता पेटीत साठवून ठेवणाऱ्या पोस्टमनची. “पान एकोणनव्वद,” ते म्हणाले. “जिंदगीत असा रडलो नाही मी.” काकूंनी फळ्यावर लिहिलं. पुढच्या महिन्यात त्यांनी तीच कादंबरी सुचवली, तेच पान, डोळे तसेच भरलेले. काकूंनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या महिन्यात तर भाऊंनी विचारलंसुद्धा, “नवीन आहे का सर?”

“एकदम नवीन.”

त्या दिवशी जिना उतरताना काकू हळूच म्हणाल्या, “लिहून टाकाव. त्यायले दुसरं आहे काय? हा एक शनिवारच तर आहे.”

आता फळ्याजवळची खुर्ची रिकामी असते. डोकं साथ देत नाही म्हणून सर येत नाहीत, असं गावात सांगतात. मंडळातले लोक तसं सांगत नाहीत. ते मला पाहून विषय बदलतात.

सर शेवटचे आले तो चौथा महिना. तेव्हाही पोस्टमनच आला. काकू खडू घेऊन उभ्या होत्या. “त्या पानावर तो पेटी उघडते,” सर म्हणाले. “पान…”

पुढचं आलं नाही. तळहात सवयीनं पुढे झाला आणि तिथंच राहिला. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग भाऊंकडे. एकोणनव्वद तिथं सगळ्यांना पाठ होतं. मला तर त्यांच्याच पेन्सिलीच्या वळणासकट. कोणीतरी सांगणारच होतं, एवढ्यात मी उभी राहिले.

सरांचा चेहरा उजळला. “सांग पोरी,” ते म्हणाले. दीड वर्षात पहिल्यांदाच पोरी.

मी उजवा तळहात पुढे केला.

“पान किती, सर?”